कॅमेऱ्यामागची कमल

हॅलो?… उचललास एकदाचा. सकाळपासून चार वेळा लावलाय… कोण म्हणजे? प्रमिलामामी बोलतेय, भडगावहून. आवाज विसरलीस इतक्यात?… हो, झालं जेवण. जेवणाचं राहू दे ऋतिका, तुझ्या त्या सिनेमाचं बोलायचंय.

… नाही आवडला. स्पष्ट सांगते… धुळ्याला देवपूरमध्ये मी "छान झाला" म्हणाले ते तुझ्या कॉलेजचे सर शेजारी उभे होते म्हणून.

… अगं ऐक ना. आधी माझं ऐक. कानबाई आमच्या घरची देवी. वर्षातून एकदा येते, श्रावणात. नैवेद्याच्या रोटाचे गहू मी निवडले, तिच्या नारळाला नथ मी घातली, त्यावर डोळे मी काढले. नवी हिरवी साडी नेसले, ती कुणासाठी? तुझ्या सिनेमासाठी. आणि तिकडे देवपूरला काय बघते… दहा माणसं डोळ्यांवर डबडी बांधून फिरत्या खुर्च्यांवर बसलीत, आणि एकेक करून दहाही जणांनी माझ्याकडे पाठ केली.

… कळणार नाही तर काय? भिंतीवर टीव्ही होता ना. डबड्यात त्यांना काय दिसतं ते सगळं त्यावर दिसत होतं. माझं तोंड आलं, दोन सेकंद, की गेलं. मग भिंत. मग तुझ्या मामाची वाळत घातलेली लुंगी. ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं. चपला. आणि त्या चपलांशेजारी बसलेली कमल.

… धाकटी मामी तुझी, हो. माझी जाऊ आहे ती, मला नको सांगूस.

… तिला तिथं मीच बसवलं होतं. लपवायचं काय त्यात? मी म्हटलं, कमल, तू कॅमेऱ्याच्या मागे बस, फोटोत येऊ नकोस… कारण योगराजभाऊ गेले, तिचं कुंकू गेलं, तेव्हापासून ती कानबाईच्या पुढे येत नाही. आमच्याकडे नाही चालत. सासूबाईंपासून आहे ते, मी नाही काढलेलं.

… हो, पसाराही मीच तिकडे टाकला. गाद्या, फवारणीचा पंप, सगळं. माणूस फोटो काढताना पसारा कॅमेऱ्याच्या मागेच टाकतो ना? मला काय माहीत तुझ्या कॅमेऱ्याला मागची बाजूच नाही?… सांगितलं होतंस? कधी? "मामी, हा चारी बाजूंनी बघतो" एवढंच म्हणालीस, मला वाटलं फिरवावा लागत असेल. आणि तू स्वतः कोठीमागे लपून बसलीस. मी जावांना सांगतेय, पोरगी लाजतेय.

… काय? स्वातंत्र्य?

… बघणाऱ्याचं स्वातंत्र्य. बरं. म्हणजे त्याला वाटेल तिकडे त्याने बघायचं, आणि ज्याच्याकडे तो टक लावून बघेल त्याच्यामागे सिनेमा जाणार. सांगितलं मला तुझ्या सरांनी. माझ्याकडे बघितलं तर माझ्यामागे नदीवर येणार. आणि कमलकडे बघितलं तर कमलमागे. मग मला सांग ऋतिका, कमलमागे जायला तिथं सिनेमा होता कुठून?… नाही, उत्तर दे. तू घेऊन ठेवलास म्हणूनच ना? आम्ही कानबाई शिरवायला, नदीत सोडायला गिरणेवर गेलो, तेव्हा दुसरा कॅमेरा आमच्या नवीनच्या हातात दिलास आणि तू घरी थांबलीस. पाय मुरगळला म्हणालीस. मी हळदीचा लेप लावून दिला तुला.

… म्हणजे मुरगळला नव्हता.

… कमलला विचारलं होतंस? आणि ती हो म्हणाली? मला नाही बोलली ती. एका घरात राहतो आम्ही, एका ओट्यावर स्वयंपाक करतो.

… हो, तेच सांगायला फोन केलाय. रविवारी इथे सगळे भाऊबंद जमणार. लोटनआबा येणार, सुनंदाबाई येणार, सगळे ते डबडं लावणार. त्याआधी कमलचा रस्ता बंद कर. पुढची बाजू ठेव, मागे अंधार कर… होत नाही कसं? नाहीतर डबडी परत घेऊन जा. लोक काय म्हणतील? प्रमिला नथ घालून मिरवते आणि जावेला चपलांत बसवते, असंच ना?

… मी? बघितला की. पूर्ण बघितला.

… मागे वळून कशाला बघू? मी पुढे होते ना. मी माझ्याकडेच बघितलं.

… आता? आता नको गं, दुपारची… बरं. बरं म्हटलं ना. नवीनने आणून ठेवलंय एक, कपाटावर आहे. थांब, फोन मोठा करून ठेवते… येतोय आवाज? हं. ही पट्टी मागे जाते का? अंबाडा मध्ये येतोय… हं. लागलं.

… हो, ओसरी दिसतेय. मी दिसतेय. साडी चांगली दिसते हो… गाणं सुरू झालं. आता?… खुर्ची नाही फिरत आमची, मीच उठून वळते… हं. भिंत. लुंगी. तुझ्या मामाला सांगितलं होतं काढायला.

… हो. दिसली.

… रोटाचं ताट मांडीवर घेऊन बसलीय. पदर डोक्यावर. ओठ हलताहेत तिचे. गाणं म्हणतेय… म्हणू दे की, मनात म्हणायला कोण नाही म्हणतं?

… काय ऐकू? दुसरं कडवं?… ऐकतेय.

… पुन्हा लाव. मागे कसं न्यायचं हे?… हं.

… ऋतिका, ती आधी म्हणते गं. आमच्या आधी. अर्धी ओळ आधी ती म्हणते आणि मग पाठीमागून माझा आवाज येतो.

… नाही, मला येतं ते कडवं. दरवर्षी म्हणते मी… दरवर्षी ती समोरच कुठेतरी असते. दारात नाहीतर ओट्यापाशी… मला वाटायचं मला आठवतं.

… आहे. ऐकतेय मी. बोलू नकोस जरा.

… आता हे आपोआप हललं. ओसरी रिकामी झाली. आम्ही गेलो वाटतं… ती उठली. झाडत नाहीये, काही नाही. चौरंगासमोर बसली. चौरंगावर काय आहे आता? थोडे गहू, एक पान… गातेय. पूर्ण गातेय, मोठ्याने. असा आवाज आहे होय हिचा?

… मी परत आले तेव्हा डोळे लाल होते तिचे. विचारलं तर म्हणाली, धूर गेला. मी म्हटलं असेल. गॅस आहे गं आमच्याकडे, सात वर्षं झाली. कसला धूर?

… नाही, रडत नाहीये. हे काढते आधी. घाम येतो यात… मला राग आलाय. तुझा नाही, थांब जरा. त्या ओसरीत माझं तोंड तिच्याकडेच होतं की नाही? कॅमेरा मध्ये आणि त्याच्यापलीकडे ती. दहा परकी माणसं धुळ्याला खुर्चीवर बसून वळली तिच्याकडे. मी समोर उभी होते.

… काय बंद करतेस? काही बंद करायचं नाही. आणि रविवारी खुर्च्या मांडशील ना, त्या आधीच वळवून ठेव. सगळ्यांचं तोंड कमलकडे येईल अशा… अगं राहू दे तुझं स्वातंत्र्य. हिच्यासोबत एका घरात मला बावीस वर्षं होतंच की ते, वाटेल तिकडे बघायचं. कुठे बघितलं मी?

… थांब, थांब एक मिनिट. चहा घेऊन आलीय… काय नही व कमल, ऋतिका शे फोनवर. ठेव तो चहा… तठे दारमा नको बसू. आठे ये. समोर बस मना.

… ऋतिका, ठेवते गं. हिला ते दुसरं कडवं विचारायचंय.