ड्राइव्ह उशिरा लागणाऱ्या गाडीबाबत

जबाब

नाव : प्रेमदास श्रावण झाडे, वय ३१ वर्षे, व्यवसाय : खाजगी नोकरी (सर्व्हिस ॲडव्हायझर), राहणार : सिंदी मेघे, ता. जि. वर्धा.

मी वरील पत्त्यावर आई, पत्नी जया व मुलीसह राहतो. नागपूर रोडवरील मोटारगाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीस आहे. ग्राहकाची तक्रार लिहून घेणे, गाडी वर्कशॉपमध्ये लावणे आणि काम झाल्यावर ग्राहकास समजावून परत देणे हे माझे काम आहे. गाडी मी स्वतः दुरुस्त करीत नाही. शनिवारी आमच्या गेटवर झालेल्या घटनेबाबत आज मला ठाण्यात बोलावण्यात आले. कोण काय बोलले ते त्याच शब्दांत सांगावे असे हवालदार साहेबांनी सांगितल्यावरून, समक्ष विचारले असता सांगतो की,

सौ. मोनाली अश्विन उमाटे या आमच्या ग्राहक आहेत. त्या गिरडकडील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहेत. एसटी त्यांना फाट्यावर सोडते, तिथून गाव बरेच आत आहे. त्यांच्या डाव्या पायात लहानपणापासून पोलिओ असून त्या कुबडी घेऊन चालतात. त्यामुळे त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. या गाडीला क्लच नसतो, डाव्या पायाचे काम पडत नाही. गिअरची दांडी ड्राइव्हवर ठेवली व ब्रेक सोडला की गाडी निघते. गाडी त्यांच्या नावावर आहे.

गाडी घेतल्यानंतर पहिल्याच महिन्यात, उन्हाळ्यात, त्या तक्रार घेऊन आल्या. दांडी ड्राइव्हवर टाकली तरी गाडी जागची हलत नाही, आणि मग कधीतरी एकदम उसळी मारून निघते, अशी तक्रार होती. मी त्यांच्यासोबत एक फेरी मारली. आमच्या गेटजवळ गाडी थांबली. त्यांनी ब्रेक सोडला. गाडी हलली नाही. मी काही बोलणार तेवढ्यात ती उसळली आणि माझे डोके मागे आपटले. परत आल्यावर मी कागदावर कारण म्हणून ‘चालवण्याची सवय’ असे लिहिले. आमच्याकडे तशी पद्धत आहे. पहिल्यांदा ऑटोमॅटिक घेणाऱ्या महिला ग्राहकांच्या बाबतीत बहुधा तेच लिहिले जाते. तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, “भाऊ, मले एकच पाय आहे गाडी चालवाले. सवय बिघडवाले दुसरा आणू कुठून?” मी हसलो. त्याही हसल्या. सॉफ्टवेअर नव्याने टाकून गाडी परत दिली.

त्यानंतर पोळा झाला. मॅडमचे सासर सिंदी रेल्वे या वेगळ्या गावी आहे. तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा मोठा भरतो आणि लाकडी नंदी मिरवतात. उमाटे यांच्या घरचा नंदी माणसापेक्षा उंच असून चाकांच्या पाट्यावर उभा आहे. घरचा नंदी भाड्याच्या वाहनाने काढायचा नाही, असा त्यांच्या घरचा नियम आहे. त्या वर्षी त्यांचा ट्रॅक्टर बिघडला होता. म्हणून मॅडमचे पती अश्विन लक्ष्मणराव उमाटे यांनी नंदी मॅडमच्या गाडीला बांधला व घरापासून बाजारापर्यंत ओढला. ही गोष्ट तेव्हा मला माहीत नव्हती.

दिवाळीनंतर मॅडम सासर सोडून सिंदी मेघे येथे आई मीराबाई यांच्याकडे राहण्यास आल्या. कारण मला माहीत नाही. तेथून त्या रोज गाडीने शाळेत जात. गाडीचा त्रास वाढला होता. त्या आणखी दोन वेळा आल्या. शेवटच्या वेळी गाडी समुद्रपूरच्या अलीकडे भररस्त्यात बंद पडली म्हणून दुसऱ्या वाहनाला बांधून आणावी लागली. गाडी वॉरंटीत होती. गिअरबॉक्स बदलून मिळावा असा त्यांचा अर्ज आम्ही घेतला. गाडी नसल्याने त्यांची शाळेला रजा चालू होती. त्या मला रोज फोन करीत. रजा संपत आली आहे, रोज फाट्यापासून चालत जाणे आपल्याने होत नाही, एवढेच त्या सांगत. काही दिवसांनी मी फोन उचलणे बंद केले.

गेल्या आठवड्यात अश्विन उमाटे स्वतः सर्व्हिस सेंटरला आले. आमचे वर्क्स मॅनेजर सचिन भोयर यांच्या केबिनमध्ये मी हजर होतो. अश्विन यांनी मोबाइलवर तान्ह्या पोळ्याचा व्हिडिओ दाखवला. साहेबांनी विचारले, “तुमच्याच बायकोची गाडी आहे. तुम्ही काऊन दाखवून राह्यले?” त्यावर अश्विन म्हणाले, “तुमाले गिअरबॉक्स द्याचा नाई. मले बायको पायजे. गाडी नाई तं नोकरी नाई, नोकरी नाई तं माहेरात किती दिवस ठेवतीन तिले? दोघाचंही काम होते.” साहेबांनी चहा मागवला. ऑटोमॅटिक गाडीने वजन ओढल्यास वॉरंटी राहत नाही, असा नियम आहे. व्हिडिओ वर कंपनीकडे पाठवला आणि अर्ज नामंजूर होऊन आला.

शनिवारी सकाळी साहेबांनी मला मॅडमना फोन करण्यास सांगितले. मी सांगितलेले शब्द असे : “मॅडम, काम झालं. पेढे घेऊन या.” पेढ्याचे साहेबांनी सांगितले होते.  फोन चालू असतानाच मॅडम घरात म्हणाल्या, “आई, झालं वं.”

त्या आईसोबत ऑटोने आल्या. पेढ्यांचा डबा मीराबाईंच्या हातात होता. मॅडमनी आधी आत जाऊन वर्कशॉपमधील प्रत्येकाला स्वतः पेढा दिला. खाली तेल सांडलेले असते, कुबडी सरकते, म्हणून त्या हळूहळू फिरत होत्या. सर्वांना अर्ज नामंजूर झाल्याचे माहीत होते. कोणी त्यांना थांबवले नाही. मी दोन पेढे घेतले.

त्यानंतर त्यांना केबिनमध्ये बोलावले. तिथे अश्विन बसलेले होते. साहेबांनी व्हिडिओ भिंतीवरील टीव्हीवर लावला. दार उघडे होते आणि वर्कशॉपमधील आमची मुले दारात येऊन उभी राहिली. व्हिडिओत गाडीच्या मागे नंदी येत होता, अश्विन गाडी चालवत होते आणि मॅडम शेजारी बसलेल्या होत्या. त्यांच्या अंगावर हिरवे लुगडे होते.

साहेब म्हणाले, “मॅडम, गाडी तुमचीच ना?”

मॅडम म्हणाल्या, “मी नाई म्हटलं होतं, सर. नाई म्हटलं तं सारे म्हणाले का घरच्या देवाले नाई म्हणते.”

साहेब म्हणाले, “पण तुम्ही तर हसून राह्यल्या इथं.” त्यांनी चित्र तिथे थांबवले.

मीराबाई म्हणाल्या, “सासरच्या माणसात बसली होती लेक. हसन नाई तं काय रडन?”

अश्विन म्हणाले, “आई, तुमी मधात नका बोलू. मी का परका आहो? तिले सामान बांधजो म्हणा आणि घरी येजो. इथं काय तमाशा लावला?”

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिले नाही. त्या साहेबांना म्हणाल्या, “गाडी पह्यले बिघडली का पह्यले ओढली, तेवढं सांगा. पोळ्याच्या आधीची तक्रार आहे माही तुमच्या कागदावर.”

साहेब म्हणाले, “त्या कागदावर सवय लिहिलं आहे. प्रेमदास, तूच लिहिलं ना?” मी हो म्हटले.

“मंग एकदा खोलून तं पाहा गिअरबॉक्स,” मॅडम म्हणाल्या.

“आता खोलाचं कारणच नाई उरलं,” साहेब म्हणाले. गिअरबॉक्स शेवटपर्यंत उघडण्यात आला नाही. कंपनीच्या उत्तरात ‘निर्मितीदोष आढळला नाही’ असे लिहिले आहे ते बरोबर आहे.

जागा अडते म्हणून गाडी लगेच न्यावी, असे साहेबांनी सांगितले. मॅडम गाडीत बसल्या. कुबडी मीराबाईंनी धरली. मॅडमनी गाडी सुरू करून दांडी ड्राइव्हवर टाकली. गाडी हलली नाही. त्यांनी दोनतीनदा दांडी मागेपुढे केली. मुले जमा झाली होती. अश्विन म्हणाले, “दोर आणा रे. तिनं आमचा नंदी ओढला, आता आपण तिले ओढू.” सर्व हसले. मी हसलो की नाही हे आठवत नाही.

गाडीला पुढून दोर बांधला आणि त्याची दोन टोके दोन्ही बाजूंना धरली. त्या दिवशी शोरूममधून एक नवी गाडी गेली होती, तिच्यासाठी आणलेल्या हारांपैकी उरलेला हार कोणीतरी मॅडमच्या गाडीच्या बॉनेटवर टाकला. गाडी सुरू होती आणि दांडी ड्राइव्हवरच होती. मॅडमनी विचारले की काढू का. साहेब पायरीवर उभे होते. ते म्हणाले, “राहू द्या, ड्राइव्ह लागला तं लागला.” मी मागून गाडी ढकलत होतो. माझे दोन्ही हात डिकीवर, डाव्या दिव्याच्या वर होते.

मुलांनी पोळ्यात म्हणतात तसे ‘हर बोला’ म्हणत ओढणे सुरू केले. एक जण डबा वाजवत होता. तो पेढ्यांचाच डबा होता. मीराबाई ओरडत होत्या, “अरे, माणूस बसलं आहे आतमंदी! देवाचं लाकूड नोहे थे!” मॅडमनी काच वर केली. अश्विन गाडीच्या समोर, गाडीकडे तोंड करून, उलटे चालत मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. ते म्हणत होते, “हस ना आता. त्या व्हिडिओत तं लय हसत होती.”

गेटजवळ आल्यावर ओढणारे थांबले. अश्विन यांच्या मागे गेटचा सिमेंटचा खांब होता. त्या वेळी ड्राइव्ह लागला. गाडी माझ्या हाताखालून निसटली. लगेच ब्रेकचे लाल दिवे लागले, परंतु अंतर थोडे होते. गाडी खांबावर आदळून थांबली. अश्विन मध्ये होते.

मुलांनी गाडी मागे ढकलली. अश्विन खाली पडले व म्हणाले, “मुद्दाम केलं हिनं.” साहेब पायरीवरून उतरून आले. त्यांनी गाडीकडे पाहिले आणि मला म्हणाले, “ड्राइव्ह लागला ना? म्हणजे गाडी चालू आहे. लिहून घे.” मी लिहून घेतले. मग दवाखान्याची गाडी बोलावली. अश्विन यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली मोडले आहेत, असे मला नंतर कळले.

मॅडम गाडीतून उतरू शकत नव्हत्या, कारण कुबडी मीराबाईंकडे होती आणि मीराबाई खाली बसल्या होत्या. पोलीस येईपर्यंत मॅडम तशाच स्टिअरिंग धरून बसून होत्या. त्या एवढेच म्हणत होत्या, “भाऊ, तुमी होते ना मांगं. तुमी पाह्यलं ना.” हे त्या मला उद्देशून म्हणत होत्या.

आज ठाण्यात बाजूच्या खोलीत बसवलेली महिला मला दाखवण्यात आली. ती सौ. मोनाली उमाटे हीच असून मी तिला ओळखतो. पतीस जिवे मारण्याच्या उद्देशाने तिने गाडी अंगावर घातली, अशी तिचे सासरे लक्ष्मणराव यांची तक्रार असल्याचे मला सांगण्यात आले.

येथपर्यंत सांगून झाल्यावर मी पाणी पिण्यास बाहेर गेलो. बाहेर आमचे साहेब सचिन भोयर आलेले होते. त्यांच्यासोबत चहा घेऊन मी परत आलो.

गाडी आपोआप उसळू शकते काय, असे विचारले असता सांगतो की, आमच्या गाड्यांमध्ये तसे होत नाही. गाडीत दोष असता तर वॉरंटी मंजूर झाली असती. वॉरंटी नामंजूर झाली, याचा अर्थ गाडीत दोष नव्हता. दोष नसलेली गाडी चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटरवर पाय दिल्याशिवाय पुढे जात नाही.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात मी दोन दुरुस्त्या सांगितल्या. दांडी ड्राइव्हवर राहू द्या असे साहेब म्हणाले असे लिहिले आहे, तिथे कोण म्हणाले ते आठवत नाही असे वाचावे. ब्रेकचे लाल दिवे लागले असे लिहिले आहे, तिथे दिवे लागलेले मी पाहिले नाहीत असे वाचावे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे आणि ते खरे आहे.