फुकट नाही मामा, मुक्त!

...आणि वर मलाच म्हणतंय, ‘तुम्हाला परवानगी नाही’! अहो, घर माझं, टेबल माझं, लाइटबिल मी भरतो, आणि ते डबडं मला सांगतंय परवानगी नाही? तुम्हाला सांगतो, ह्याच्यापेक्षा कमी बोलण्यावरनं मी लोकांच्या कॉलरी धरल्यात. पण इथं धरू कुणाची? डबड्याला कॉलर नाही, आणि ज्यानं ते माझ्या गळ्यात बांधलं त्याची धरता येत नाही... जावई आहेत!

पोरगी लग्न होऊन लांब गेली, जाताना तिचा जुना कॉम्प्युटर ठेवून गेली. म्हणाली, आबा, ह्याच्यावर माझं तोंड दिसेल, रोज बोलू. काय बोलतोय! ते सुरू व्हायलाच एवढा वेळ घ्यायचं की तोवर माझी दोन चाकं खोलून, पंक्चर काढून, परत बसवून व्हायची. मग जावई आले. बघितलं, मान हलवली आणि खिशातनं अंगठ्याएवढी काडी काढली, पेनड्राइव्ह म्हणे. ‘मामा, ह्याच्यात कॉम्प्युटर चालवणारी नवीन प्रणाली आहे. जुनी काढा, ही बसवा. तुमच्या हातानं बसवा, म्हणजे तुम्हाला कळेल. अडलं तर फोन करा.’

म्हटलं, ‘कितीला?’

‘छे छे, जगभरातली माणसं मिळून करतात, कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी.’

‘म्हणजे फुकट.’

तर असं तोंड केलं, जणू मी त्यांच्या आईला काही बोललो. ‘फुकट नाही मामा, मुक्त!’

मुक्त म्हणे. बरं बाबा, मुक्त! दुसरा कुणी असता तर विचारलं असतं, मग ह्या मुक्ताला माझंच घर सापडलं का? पण जावई! माझ्यासारख्या माणसाला देवानं एक जीभ दिली आणि तिच्यावर जावई आणून बसवला.

गेले ते. आणि मी बसलो त्या काडीसमोर. पडद्यावर एक बदक आलं. जावई म्हणतात बदक नाही, ते बर्फातलं पाखरू आहे. असेल! मला बदकच दिसलं, आणि माझ्याकडं बघून हसत होतं. मग एकदम बदक गायब आणि काळाकुट्ट पडदा. एका कोपऱ्यात एक रेघ, उघडझाप, उघडझाप... बास. काय हवंय ते सांगत नाही, काय चुकलं ते सांगत नाही! अहो, माझ्या धंद्यात ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा येतो. कळतं, इथं गळतंय. ह्याला कुठल्या घमेल्यात बुडवू?

लावला फोन. माझा फोन साधा, बटणांचा, त्याच्यात तोंडबिंड काही दिसत नाही. जावई म्हणाले, ‘मामा, आता मी सांगतो ती अक्षरं लिहा.’ आता मला इंग्रजी अक्षरं येतात ती गाड्यांच्या नंबरप्लेटीवरनं. शाळेत मास्तर शिकवायचे तेव्हा मी कुंपणापलीकडं! आणि प्लेटीवर असतात सगळी मोठी. ‘ए’ म्हणाले, मी बरोबर ‘ए’ दाबला, तर पडद्यावर भलतंच उमटलं, वाकलेलं, पोटात कळ आल्यासारखं. पुसलं, परत दाबलं, परत तेच वाकडं. म्हटलं, ‘जावई, तुमचं मुक्त माझी अक्षरं मोडतंय!’

‘मामा, ते लहान ‘ए’ आहे.’

अहो, अक्षराला पण पोरं होतात हे मला ह्या वयात कळलं!

‘बरं, आता सुडो लिहा, म्हणजे ते परवानगी देतं.’ लिहिलं. ‘लिहिलंत? आता जागा सोडा.’

सोडली.

‘सोडलीत का?’

म्हटलं, ‘सोडली की!’

‘मग पुढं लिहा, ए, पी, टी.’

म्हटलं, ‘लांबनं हात पुरत नाही.’

आमच्या हिनं फोन हातातनं घेतला आणि ओरडली, ‘अहो जावईबापू, हे खुर्ची सोडून दारात जाऊन उभे राहिलेत!’

काय चुकलं माझं? जागा सोडा म्हणाले, सोडली! दोन अक्षरांच्या मध्ये जागा सोडायची तर तसं सांगावं ना माणसानं!

आणि तेवढ्यात फोनमधनं हसण्याचा आवाज आला. पोरगीचा. अहो, खो खो, श्वास लागेपर्यंत, लहानपणी टायरवर बसवून ढकलायचो तेव्हा हसायची तशी! ‘आबा, अहो आबा, बसा आता, जागा धरा!’ आणि परत हसतीय. माझ्या डोक्याची शीर ताडताड उडत होती, पण म्हटलं, हसू दे. लग्नानंतर असं हसताना ऐकली नव्हती.

मग काय, रोजचंच झालं. परवलीचा शब्द लिहिला तर पडद्यावर काही उमटेना. म्हणे, ‘दिसणार नाही मामा, तरी लिहा.’ न दिसता? मी काय आंधळा टायपिस्ट आहे? घातली बटणांवर मूठ, दोन बटणं उडून चुलीमागं गेली. आवाज हवा, तर आवाज नाही. कॅमेरा लावला, तर उलटा, मी छताला लटकल्यासारखा! जावई म्हणाले, इंटरनेटवर विचारा, तिथली माणसं एकमेकांना मदत करतात. विचारलं. एक शहाणा म्हणतो, ‘आधी पुस्तिका वाचा.’ मी त्याला काय वाचायचं ते सविस्तर लिहिलं. मला हाकलला! म्हटलं, ‘जावई, फुकटात अपमान पण मिळतो का?’ ‘फुकट नाही मामा, मुक्त!’

पण दर वेळी दोघं फोनला चिकटून बसायची हो. जावई सांगायचे, ती मध्ये मध्ये चिडवायची. ‘आबा, बदकाला ओरडू नका, ते घाबरतं.’

आणि एक दिवस... झालं चालू. आवाज, कॅमेरा, सगळं. पोरगीचं तोंड दिसलं. बारीक झालीय. म्हटलं, ‘जेवतेस का गं वेळेवर?’ म्हणाली, ‘आबा, छान दिसताय! चालू झालं ना एकदाचं? मीटिंग आहे, ठेवू का? आता काय, रोजच बोलू!’

गेली. काचेत माझंच तोंड उरलं.

दुसऱ्या दिवशी लावला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशी, ‘आबा, नंतर करते.’ मग नंतर आलंच नाही. ही म्हणते, ‘कामात असेल.’ असेल ना! मग बिघडलेलं होतं तेव्हा काम नव्हतं?

...तेव्हा डोक्यात आलं. बिघडलं पाहिजे!

वायर उपटली. जावयांनी एका वाक्यात पकडलं, ‘वायर बघा मामा.’ पोरगी फोनवर यायच्या आत संपलं. म्हटलं, नीट मोडायला हवं. पण ते मोडेना! जावई छाती फुगवून सांगतात, ही प्रणाली मरत नाही. खरंच मरत नाही हो! चालू असताना बटण बंद करा, सतरा वेळा आपटा, परत उठतं, बदक हजर. शेवटी बसलो ती पुस्तिका वाचत, मराठीत मिळाली म्हणून बरं. चष्मा लावून, अक्षरावर बोट ठेवून. ही म्हणाली, ‘शाळेत एवढं वाचलं असतंत तर कलेक्टर झाला असतात.’ म्हटलं, गप बस, मला आवाज बंद पाडायचाय!

आणि पाडला. मग कॅमेरा पाडला. पोरगीचा आवाज यायला लागला परत. ‘आता काय केलंत, आबा?’

परवा चांगलं मोठं मोडलं. सुरूच होईना, नुसता काळा पडदा. खुश होऊन फोन लावला. पोरगीनंच उचलला. ‘थांबा हं आबा, ह्यांना बोलावते, मी पण बसते.’ आणि ती दोघं येईपर्यंत... अहो, माझे हे मेले हात, रिकामे राहतच नाहीत! मी सुडो लिहिलं, जागा सोडली, पुढचं लिहिलं, परवलीचा शब्द न बघता ठोकला... आणि बदक आलं की हो वर!

‘काय झालं मामा?’

खोटं बोलायला सुचलं पाहिजे ना वेळेवर! म्हटलं, ‘काही नाही... झालं नीट. मीच केलं.’

‘काय सांगता! वा मामा!’ असे खुश झाले, पोरगीला ओरडून सांगितलं, ती लांबनंच ‘शाब्बास आबा’ म्हणाली. ‘आता तुम्हाला आमची गरजच नाही, मामा!’

आणि ठेवला फोन.

माणसानं शिकू नये बघा. खरं सांगतो.