कुंपणाबाहेरचा पिचर

वाल्मीक : ...म्हून म्हणतो आबा, तुमी हायेत तवर तुमीच माझ्यावरची बंदी उठवा. तुमच्या मागं तुमचा किशोर अन् लीगचे कमिटीवाले उठवणारच हायेत.

हैबतराव : मग थांब की. डाक्टरनं लई दिस दिल्यात कुटं मला.

शुभांगी : आबा, असं बोलू नका हो. वाल्मीकभाऊ, तुम्हीपण आजारी माणसापुढे हा विषय काढता?

वाल्मीक : काढाय लागतोय, वहिनी. मला कमिटीकडनं नको. भाताच्या माळ्यावर गोफण फिरवणाऱ्या पोराला ज्यांनी बेसबॉलचा पिचर केलं, त्यांच्या तोंडनं पायजे.

हैबतराव : लोंबीला धक्का न लावता पाखरू उठवायचास. म्हून उचलला तुला.

शुभांगी : पण वाल्मीकभाऊंनी केलं काय होतं? मी या घरात सून होऊन आले, तेव्हापासून कुणी सांगतच नाही.

हैबतराव : त्यालाच इचार.

वाल्मीक : फायनल चांद्यात होती, वहिनी. जत्रंच्या दिशी. चांदं माझी सासुरवाडी. सासऱ्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. म्हणले, जत्रंत गावाचा मान जावयानं राखायचा. शेवटच्या डावात मी बॉल हळू टाकले.

शुभांगी : पैसे घेऊन?

वाल्मीक : छदाम न्हाई घेतला.

हैबतराव : म्हून काय झालं? जत्रंत कुस्ती धर, नारळ घे, सासऱ्याच्या गावाला खुशाल जितव. फायनलला माणसं तिकीट काढून बसली व्हती. बाया-बापड्या आपल्या गावातनं, रिह्यातनं ट्रॅक्टर भरून आल्या व्हत्या. त्यास्नी वाटलं, खरा खेळ चाललाय.

शुभांगी : खेळच तर होता, आबा.

हैबतराव : तुला खेळ. मी गावोगाव हिंडलो, पोरी. बेसबॉल म्हणलं की लोक दात काढायची. पोरास्नी म्हणलं, खेळाचा पगार देतो, पर दारू न्हाई, पैज न्हाई, लबाडी न्हाई. तवा कुटं लीग हुभी राह्यली. बिल्डर आला, तरी मैदान इकलं न्हाई मी.

शुभांगी : सगळं मान्य. पण आता वाल्मीकभाऊंची मुलगी स्वरदा खेळते. तिला हे मैदानाच्या कुंपणाबाहेरून ओरडून शिकवतात. आत जाऊ द्या ना.

हैबतराव : वाल्मीक, तुझ्यासारखा हात मला पुन्यांदा गावला न्हाई. बंदी घातली त्या दिशी घास उतरला न्हाई. पोटचं पोर घराभाईर काढल्यागत झालं.

वाल्मीक : मग उठवा की, आबा.

हैबतराव : न्हाई.

शुभांगी : काय मिळतं हो तुम्हाला हा हट्ट धरून?

हैबतराव : उद्या दुसऱ्या कुणाचा सासरा टोपी काढंल. पोरगं म्हणंल, आबानं वाल्मीकला माफ केलं, मलाबी करंल. मग कोण कशाला तिकीट काढंल?

वाल्मीक : बरं. येतो मी.

हैबतराव : थांब. मी गेलो अन् किशोरनं बंदी उठवली, की आत जायचंस. मागं-पुढं बघायचं न्हाई. पोरीच्या हातात हात धरून शिकव. माझ्या तोंडनं हुणार न्हाई ते, पर व्हावं असं मलाबी वाटतंय.

वाल्मीक : मग तुमी लई दिस ऱ्हावा, आबा. मी भाईरच बरा हाय.