आंगाहचा फोन

वाईट बातमी कुणाला सांगायची, हे मला विचारू नका. आखातातल्या आमच्या तेलाच्या टर्मिनलवरचा मलेशियन अझलान फुजैराच्या हॉस्पिटलमध्ये नुकताच वारला होता, आणि त्याचा मोबाइल माझ्या हातात वाजत होता. स्क्रीनवर नाव होतं ‘आंगाह’.

तिथल्या मलेशियन नर्सला विचारलं, “सिस्टर, हे कोण? वाइफ?”

“नाही, भावंड. आमच्यात जन्माच्या क्रमावरून हाक मारतात. तेंगाह म्हणजे मधला, त्याचं आंगाह.”

मी फोन उचलला. भाऊच होता. आपली सवय, असलं काही घरातल्या मोठ्या माणसालाच सांगायचं. म्हटलं, “तुमच्यात सगळ्यात मोठं कोण? मला त्यांच्याशी बोलायचंय.”

तो हसला. म्हणाला, “मोठा अझलानच. त्यालाच द्या ना फोन.”