दादांचा हॉर्न आणि मामाची गाडी

अरे, एका जुन्या गाडीपायी आमचे दादा आणि मामा बोलायचे बंद झालते! दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी मामाची गाडी विकत घेतली. हायवेला एकदम थंड, पण गर्दीत अडकली की इंजिन तापून नुसत्या वाफा!

दादा बोंबलायचे, "मेव्हण्यानं गंडवलं की मला!"

मामा म्हणायचा, "माझ्याकडं कधी तापली न्हाय!"

शेवटी गॅरेजच्या मिस्त्रीला शेजारी बसवून दादा निघाले, मी मागं. बिंदू चौकात गाड्या तुंबल्या. दादांनी हॉर्नवर जो हात ठेवला, तो उचललाच न्हाय. इंजिनच्या तापमानाचा काटा चढला वर! मिस्त्री भर गर्दीत खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि ओरडला, "हात काढा!" इंजिन गार करणारा रेडिएटरचा पंखा भुर्रकन सुरू. "आता हॉर्न मारा!" पंखा बंद!

"हा ट्रकचा हॉर्न कुणी बसवला? वायर पंख्याच्या लायनीत जोडलीया की!"

बसवला होता दादांनीच, गाडी घेतली त्या दिवशी!

मी उड्याच मारायला लागलो, "दादा, घावलं! मामाचा काय दोष न्हाय! हॉर्न काढूया!"

दादा म्हणाले, "काढ. काढून माझ्या स्कूटरला बसव, आन् गाडी मेव्हण्याला परत दे!"