शंभर वॅटची भेट

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालकसाहेब, व्यासपीठावर ऐसपैस बसलेले पाहुणे, टेस्टिंग खात्यातले भाऊ, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागे उभ्या असलेल्या बायांनो, सगळ्यांना नमस्कार.

माझे यजमान आज निवृत्त होताहेत. जन्मभर यांनी इथले स्पीकर वाजवून तपासले. सगळ्यांनी यांच्या तयार कानांचं कौतुक केलं. कान? उरलेत कुठं? डॉक्टरांनी बजावलंय, आता मोठ्या आवाजापासून लांब राहिलात तर उरलंसुरलं टिकेल. हे अख्ख्या व्यासपीठाला ठाऊक आहे.

आणि भेट काय दिलीत? स्पीकर! टकल्याला कंगवा.

वर साहेब म्हणाले, "वहिनी, घरचा पन्नास वॅटचा, हा शंभरचा. दादांना दुप्पट ऐकू येईल." अहो, स्पीकर विकता की भोपळे? मी चौथी नापास. पण जेवताना यांना दुसरा विषयच नाही, म्हणून मलाही पाठ झालंय. व्होल्टला व्होल्टनं गुणा, ओहमनं भागा. वीस व्होल्ट, चार ओहम, झाले शंभर वॅट. बरं, झाले. पण वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो तीन डेसिबल, कानाला जेमतेम कळेल एवढा. दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. म्हणजे पन्नासचे पाचशे. तेवढ्यानं "जेवायला चला" ऐकू आलं नाही, तर पाच हजार! गल्लीचा फ्यूज उडेल, पण हे पानावर यायचे नाहीत.

कानात बोळे घाला म्हटलं तर हे म्हणायचे, "अगं, मग खरखर कशी कळणार?" साहेब खूश: "दादा म्हणजे आपलं मशीन!" मशीनला तेल तरी घालतात हो.

मघाशी जाहीर झालं, दादा रोज संध्याकाळी येऊन त्याच टेस्टिंगच्या खोलीत नव्यांना शिकवणार. हे मान डोलावत होते. कशाला डोलावली, ते यांनाही माहीत नाही. तर ऐका, हे येणार नाहीत. उद्या सकाळी आम्ही कानाच्या यंत्रासाठी तपासणीला जातोय. तो भेटीचा खोका साहेबांनी आपल्या घरी न्यावा आणि त्याला कान लावून बसावं.

चहा करणाऱ्यांचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे आभार. मी तोंडाची फटकळ, कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. यांची मात्र माफी मागत नाही. एवढं सगळं बोलले, आणि बघा, पहिल्या टाळ्या हेच वाजवताहेत.