येसबा पैलवानाची कंबर

ऐका मंडळी! नीट बसलात ना? जे खांबाला टेकलेले आहेत, त्यांना आधीच सांगतो – आजचं आख्यान कमरेचं आहे, तेव्हा डुलकी काढू नका, तुमच्याच कामाचं आहे.

एक प्रश्न विचारतो. माणसाला सगळ्यात जास्त बळ कधी लागतं? मणामणाचा दगड उचलताना? का चारचौघांत "मला दुखतंय" एवढं म्हणताना? हसलात! पैलवान गडी हसला की खुशाल समजावं, याचंच कुठंतरी दुखतंय.

तर आंबेखिंड नावाचं गाव. गावामागं डोंगर, डोंगरावर भैरोबा. चैत्रात यात्रा भरते, तेव्हा गावाची सासनकाठी वाजतगाजत डोंगर चढते. काठी म्हणजे आपली फिरायला जायची काठी नव्हे हो! चांगला ताडमाड उंच कळकाचा बांबू, त्याला रंगीत कापडं गुंडाळलेली, चारी बाजूंनी दोर धरलेले गडी, आणि मधोमध एक माणूस – सगळा भार त्याच्या अंगावर. डोंगराच्या वाटेवर पाळीपाळीनं सगळे धरतात. पण देवळाची प्रदक्षिणा? ती मानकऱ्यानं एकट्यानं करायची, ही रीत. आणि मानकरी कोण? येसबा पैलवान!

येसबा म्हणजे तालमीचा वस्ताद. पन्नाशी उलटलेली, पण छाती काढून चालायला लागला की गल्लीतली कुत्री वाट सोडायची. पोरांना शिकवायचा काय? "दुखतंय म्हणणारानं आखाड्यात पाऊल टाकू नये." वा रे वस्ताद! देवानं हे ऐकून ठेवलं असणार बघा.

दसऱ्याचा दिवस आला. त्या गावात दसऱ्याला तालमीच्या अंगणातली गोटी उचलायचा कार्यक्रम असतो. गोटी म्हणजे गोल गुळगुळीत धोंडा. तो छातीपर्यंत घ्यायचा आणि खांद्यावरनं मागं टाकायचा. वरल्या आळीतला जोतिराम आला. हा येसबाच्याच जोडीचा, तरुणपणापासूनची चुरस. त्यानं गोटी उचलली आणि मागं टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं! येसबाच्या पोटात पुरणपोळी, वर कटाची आमटी, अंग थंडगार – ना दोन जोर काढलेले, ना दोन बैठका. एक शिष्य म्हणाला, "वस्ताद, आधी अंग तरी गरम करा." हा म्हणतो, "मला शिकवतूस व्हय?" वाकला. उचलली. छातीपर्यंत आणली, आणि फेकताना जरा तिरका वळला.

कमरेत कटकन झालं. कमरेतनं एक कळ निघाली ती मांडीतनं, पोटरीतनं थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. डोळ्यांपुढं काजवे चमकले! पण गोटी मागं पडली होती, लोक ओरडत होते. येसबा हसत उभा राहिला. जोतिरामानं विचारलं, "का रं, चमकली का काय?" येसबा म्हणाला, "छ्या!" आणि घरापर्यंत छाती काढून चालत गेला. घराचा उंबरा ओलांडला आणि मग मात्र आडवा झाला.

आता शहाणा माणूस काय करेल? गप पडून राहील, दवाखान्यात जाईल. आपला वस्ताद दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत हजर! का, तर घाम गाळला की दुखणं पळतं. बैठका मारायला लागला. दुखणं पळालं – कमरेतनं निघून पायात पळालं! पायात मुंग्या, उठवेना, बसवेना, खोकलं तरी कळ.

मग गावचा ठरलेला उपाय. काय? सांगा की! बरोबर – पायाळू! पायाकडनं जन्मलेल्या माणसानं कमरेत लाथ घातली की उसण जाते, हे काय तुम्हाला नव्यानं सांगायचं? गावात ठकूआजी पायाळू. वय ऐंशी, अंगानं चिपाड. येसबा भिंतीला हात टेकून उभा राहिला. आजी म्हणाली, "लेका, दात आवळून धर." आणि घातली लाथ! लोकहो, ज्या पैलवानाला पंचक्रोशीत कुणी चीत केलं नव्हतं, त्याला ठकूआजीनं एका लाथेत भुई दाखवली. चौघांनी उचलून खाटेवर टाकला.

तिथनं पुढं खाट आणि येसबा. दिवाळी खाटेवर, संक्रांत खाटेवर. मांड्या वाळल्या. तालमीतनं शड्डूचा आवाज यायचा आणि हा भिंतीकडं तोंड करायचा. कुणी भेटायला आलं की "जरा सर्दी झालीया" म्हणायचा. सर्दी! कमरेत! गावात कुजबुज सुरू झाली, यंदा काठीचा मान जोतिरामाकडं जाणार. ते मात्र त्याला झोंबलं. चार पिढ्यांचा मान! बापानं मरताना हातात हात घेऊन सांगितलेलं, काठी कलू देऊ नको.

बायको सुभद्रा त्याला तालुक्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले, मणक्यांमधली गादी सरकलीय, नस दाबली गेलीय. कापाकापी नको, व्यायाम करायचा. व्यायाम म्हटल्यावर येसबाचे डोळे चमकले! पण व्यायाम कसला? तिथं मीनल म्हणून एक फिजिओथेरपीवाली मुलगी होती. म्हणाली, "काका, पालथे झोपा. आता गुडघ्यांवर आणि हातांवर या. बाळ रांगतं ना, तसं."

येसबा म्हणाला, "मी रांगू?"

अहो, नंदाघरी परब्रह्म रांगलं! तिन्ही लोकांचा धनी अंगणातली माती गुडघ्यांना लावून रांगत होता, त्याला लाज वाटली नाही. आणि आंबेखिंडीचा वस्ताद म्हणतो, मी रांगू? तुम्हीही तेच म्हणाला असता, माना हलवू नका.

बरं, रांगला. दार लावून, कडी घालून रांगला. पण खरी गंमत पुढं आहे, नीट ऐका. मीनल दर वेळी विचारायची, "काका, दुखतं तिथं सांगा हं. त्यावरच मला पुढचं ठरवता येतं." आणि हा दर वेळी म्हणायचा, "न्हाय दुखत." पायात वीज कडाडायची – न्हाय दुखत! कपाळावर घाम – न्हाय दुखत! ती बिचारी खूश. बरं वाटतंय म्हणून व्यायाम वाढवत गेली. वाढवता वाढवता एक दिवस येसबा घरात रांगता रांगता जो आडवा झाला, तो उठेचना. कडी आतनं. सुभद्रेला दार खिळखिळं करून आत यावं लागलं.

तिनं पाहिलं. एवढा मोठा माणूस पालथा पडलेला, डोळ्यांतनं पाणी, आणि तोंडानं काय म्हणतो? "काय न्हाय झालं."

मंडळी, आजवर ती बाई कधी उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी जमिनीवर त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आवं, बास करा. भैरोबाला नारळ फोडताना 'बळ दे' म्हणता. कधीतरी 'दुखतंय' म्हणालाय का त्याला? मला म्हणालाय? ती पोरगी रोज इचारती, तिला तरी? तुमचं दुखणं ऐकायला देव हाय, मी हाय, डॉक्टर हाय. आन तुम्ही कडी लावून बसलाय."

येसबा बांध फुटावा तसा रडला. म्हणाला, "सुभद्रे, लई दुखतंय गं. दसऱ्यापासनं दुखतंय. मला भ्या वाटतंय, मी परत उभा न्हाय राहायचो."

बस्स! इथं पैलवान बरा व्हायला लागला. औषध नंतर, व्यायाम नंतर. आधी कडी निघाली.

दुसऱ्या दिवशी मीनलला सगळं सांगितलं. ती जरा रागावली, मग हसली, मग सगळं पहिल्यापासून धरलं. आता "काका, इथं?" म्हटलं की "व्हय, हितं कळ जाती." लगेच थांबायचं, कमी करायचं. थोडं चालणं, थोडं रांगणं, परत चालणं. कधी चांगला दिवस, कधी वाईट. पण मुंग्या पोटरीपर्यंत मागं हटल्या, मग मांडीपर्यंत. फाल्गुनात येसबा ओढ्यापर्यंत चालत जाऊन आला आणि सुभद्रेनं त्याची दृष्ट काढली.

चैत्र उजाडला. मीनल म्हणाली, "डोंगर चढा काका, खुशाल. पण काठीचा सगळा भार अंगावर नको." आता आली का पंचाईत? प्रदक्षिणा तर एकट्यानं! नाही म्हणावं तर मान जातो, हो म्हणावं तर कंबर जाते.

यात्रेचा दिवस. हलगी वाजतेय, गुलाल उडतोय. येसबा सगळा डोंगर आपल्या पायांनी चढला! थांबत, बसत, पण चढला. देवळापुढं काठी आली. सगळं गाव बघतंय. मानकऱ्यानं पुढं व्हायचं, आणि येसबा पुढं झाला. काठीला हात लावला. बापाची आठवण आली असेल नसेल, भैरोबाकडं बघितलं आणि गावाकडं वळला.

"मंडळी," तो म्हणाला, "कंबर दुखती माझी. दसऱ्याला गोटी उचलली तवा मोडली. मी लपवलं. ही काठी मला एकट्याला न्हाय पेलायची. कुणीतरी खांदा द्या."

हलगी थांबली. पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "रीत न्हाय तशी."

तेव्हा गर्दीतनं पुढं कोण आलं असेल? जोतिराम! धोतर खोचत आला, म्हणाला, "रीत भैरोबानं न्हाय घातली आबा, आपल्याच बापजाद्यांनी घातलीया. सरक जरा येसबा." आणि लावला खांदा. मग हळूच कानात म्हणतो, "माझा बी गुडघा गेलाय लेका. बायकोला बी ठावं न्हाय. बेतानं चल."

आणि उचलली की हो काठी! दोन पोक्त गडी, एकाची कंबर, एकाचा गुडघा – पण काठी? सरळ! शेंड्याचा तुरा आभाळात डोलतोय, दोरवाल्यांना ताण द्यायची गरज पडेना, बायाबापड्या खोबरं उधळतायत, सुभद्रा रडतेय आणि हसतेय, आणि अख्खा डोंगर गर्जतोय – भैरोबाच्या नावानं चांगभलं! प्रदक्षिणा पुरी झाली. पंचांतला तो म्हातारा पुढं आला, काठीच्या पाया पडला, म्हणाला, "अशी सरळ गेल्या कैक वरसांत न्हाय गेली." आणि वाकल्यावर परत उठताना हळूच म्हणाला, "कुणीतरी मला बी हात द्या रं."

तेव्हा मंडळी, येसबा बसू द्या आंबेखिंडीत. तुमचं बोला. देवापुढं उभे राहून "सगळं बरं आहे" म्हणून किती दिवस फसवणार? त्याला दिसत नाही का? घरात जिवाभावाची माणसं असताना कड्या कशासाठी? कुणाची कंबर असेल, कुणाचं काळीज असेल. आज घरी गेलात की एका माणसाला तरी खरं सांगा.

आणि घरापर्यंत तरी कशाला थांबायचं? आता आरतीला उभं राहायचंय. ज्याला उठताना कळ येते, त्यानं शेजारच्याकडं हात मागायचा. मनातल्या मनात नको, तोंडानं मागा. कोण आधी? ... हां, ते खांबाजवळचे काका! शाबास! धरा हो त्यांना कुणीतरी. त्या मागच्या आजी – वा! अहो, हे तर सगळेच हात मागायला लागले! मृदंगबुवा, तुम्हीसुद्धा? द्या, द्या हात एकमेकांना. उठलं का सगळं गाव? मग होऊ द्या मोठ्यानं – चांगभलं!